सभेची नोंद

निवडणूक लागली की सरकारी नोकराच्या हातात कुठला ना कुठला आदेश पडतोच. केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी, बीएलओ ही कामं सगळ्यांच्या ओळखीची. व्हिडिओ निरीक्षण पथक म्हटलं की मात्र घरच्यांनाही समजावून सांगावं लागायचं. एक अधिकारी, एक व्हिडिओग्राफर आणि एक गाडी, एवढाच पसारा. परवानगी मिळालेल्या सभांची यादी हाती यायची आणि सभा सुरू व्हायच्या आत त्या गावात पोचायचं. कॅमेरा चालू झाला की आधी मी स्वतः बोलायचो: तारीख, वेळ, गाव, पक्ष, उमेदवार, सभेचा प्रकार. मग कॅमेरा फिरायचा. उभ्या गाड्या आणि त्यांचे नंबर, मंडपाची लांबी-रुंदी, स्टेज, खुर्च्या, सतरंज्या, भोंगे, जनरेटर, बॅनर, टोप्या, उपरणी. हे सगळं क्यू शीटवर उतरायचं. पाहणी पथक ते चित्रण बघायचं, जिल्ह्याच्या दरसूचीप्रमाणे प्रत्येक वस्तूची किंमत लागायची आणि आकडा उमेदवाराच्या छाया निरीक्षण नोंदवहीत चढायचा. उमेदवाराने स्वतः दाखवलेला खर्च आणि या नोंदी यांचा ताळा पुढे खर्च निरीक्षक घेतात. २०१९ मध्ये विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाखांची मर्यादा होती.

मी कृषी खात्यातला. शेततळी, नाला बांध, बियाण्यांची उगवण, पंचनामे यांत हयात गेली. त्या वर्षी बीड जिल्ह्यातला परळी मतदारसंघ वाट्याला आला आणि त्यातही घाटनांदूर-धर्मापुरीचा टापू. धर्मापुरी म्हणजे मतदारसंघाचं टोक, पलीकडे लातूर जिल्हा. केदारेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर आणि भुईकोट किल्ला यांमुळे मूर्ती-शिल्पांचे अभ्यासक इथे येतात. बाकीच्यांना हे गाव ठाऊक असतं ते सोयाबीनचं आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांचं.

त्या निवडणुकीकडे साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष होतं. पंकजा मुंडे २००९ पासून परळीच्या आमदार, राज्याच्या ग्रामविकास आणि महिला व बालविकास मंत्री. समोर त्यांचे चुलतभाऊ धनंजय मुंडे, विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते. २०१४ मध्ये याच दोघांत लढत होऊन पंकजाताई २५,८९५ मतांनी निवडून आल्या होत्या. नंतरची पाच वर्षं एक जण मंत्रिमंडळात आणि दुसरा विरोधी बाकावरून त्याच मंत्रिमंडळाला प्रश्न विचारणारा. २०१५ मध्ये महिला व बालविकास विभागाच्या २०६ कोटींच्या खरेदीवरून, म्हणजे लोक ज्याला चिक्कीचं प्रकरण म्हणतात त्यावरून, गदारोळ झाला. पंकजाताईंनी आरोप साफ फेटाळले, आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडून पुढे त्यांना क्लीन चिट मिळाली. सांगायचं ते इतकंच की आव्हान देणारा इथे नवखा नव्हता. ज्याच्यावर टीका करायची त्या कारभाराची कागदपत्रं पाच वर्षं त्याच्या टेबलावर होती, आणि उत्तर देणाऱ्याकडेही पाच वर्षांच्या मंत्रिपदाचा तपशील होता. असा सामना महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी होतो. कारभारावरची चर्चा कुठे व्हायची तर ती इथेच व्हायला हवी, अशी माझी मनापासून अपेक्षा होती.

आदर्श आचारसंहितेतलं एक कलम मला पहिल्यापासून मोलाचं वाटत आलं आहे. दुसऱ्या पक्षावर टीका करायची तर ती त्याची धोरणं, कार्यक्रम, मागची कामगिरी आणि काम यांच्यापुरती ठेवावी. सार्वजनिक कामाशी ज्याचा संबंध नाही त्या खासगी आयुष्यावर बोलू नये. खातरजमा न केलेले आरोप करू नयेत. प्रशिक्षणात हे कलम वाचून दाखवतात आणि पुढे सरकतात. माझ्या मते अख्ख्या आचारसंहितेचा गाभा तिथे आहे. कारण हे कलम टीका करू नका असं म्हणत नाही. सत्तेवर असलेल्याने काय केलं, काय केलं नाही, हे भर सभेत विचारा असंच ते सांगतं. कायदाही पाठीशी आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं हा भ्रष्ट मार्ग मानला आहे, धर्माच्या नावावर मतं मागणं हाही. त्याची झळ कुठवर पोचते हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून रमेश प्रभूंची निवड रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ते कायम केलं, आणि त्याच प्रकरणात बाळासाहेब ठाकरेंचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला.

सभेला आलेला माणूस कंटाळला की उठून जातो. आम्हाला तसं जाता येत नसे. पहिल्या घोषणेपासून आभारापर्यंत थांबायचं, रात्री दहाला भोंगे बंद होतात का ते पाहायचं आणि मगच गाडीत बसायचं. त्यामुळे दोन्ही बाजूंची भाषणं पूर्ण ऐकणारे त्या भागात बहुधा आम्हीच असू. कार्यकर्ता आपल्याच सभेला जातो. पत्रकाराला बातमीपुरतं मिळालं की त्याचं काम होतं. आम्ही दोन्हीकडचं ऐकत होतो, आणि कॅमेऱ्यामागे उभं राहिल्यामुळे बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांचे चेहरे जास्त दिसत होते.

धर्मापुरीतली एक संध्याकाळची सभा माझ्या डोळ्यांपुढे आहे. सभा लहानच, कोपरासभा म्हणतात तशी. उमेदवार नव्हता, आव्हान देणाऱ्या बाजूचे स्थानिक वक्ते होते. सोयाबीनची काढणी चालू होती, त्यामुळे पुरुष मंडळी अंगावर भुसकट घेऊनच आली होती. पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्या, त्यामागे दुचाकीवर बसल्या बसल्या ऐकणारे आणि कडेला भिंतीला टेकून बायका. एक वक्ता उठला आणि त्याने रस्त्यापासून सुरुवात केली. परळी-अंबाजोगाई रस्ता तेव्हा उखडून पडला होता, त्यावर तो बोलला. मग गावातल्या गोष्टींवर आला: अमुक नाल्यावरचा पूल, अमुक वस्तीची पाण्याची टाकी, शाळेची खोली.

तेव्हा लोकांचं जे चाललं होतं ते मी तोवर कधी नीट पाहिलं नव्हतं. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. वक्त्याने पुलाचं नाव घेतलं की माणसं स्टेजकडे बघायचं सोडून एकमेकांकडे बघायची. एक जण हळूच म्हणायचा, "खरंय, आर्धाच हाय." दुसरा म्हणायचा, "टाकीचं चुकीचं सांगायलाय, टाकी झालीय, पाइपलाइन व्हायचीय." तिसरा त्यावर, "टाकी झाली अन् पाणी नाही तर मग काय उपयोग?" बोलणाऱ्याचं प्रत्येक वाक्य तिथल्या तिथे तपासलं जात होतं. जे खरं ते मान हलवून स्वीकारायचे, जे अर्धवट ते दुरुस्त करायचे. कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या आयोगाने नेमलं नव्हतं. दोन दिवसांनी मंत्र्यांच्या बाजूची सभा जवळच्याच गावात झाली. तिथेही तेच. मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेल्या रस्त्यांची यादी वाचली गेली, आलेला निधी कोटींत सांगितला गेला, आणि खुर्च्यांवर बसलेल्यांची कुजबुज सुरू झाली. कुठला रस्ता झाला, कुठला झाला पण पहिल्याच पावसात गेला, कुठे खरोखर पहिल्यांदाच एसटी आली. लोक दोन्ही बाजूंना सारखीच पट्टी लावत होते.

मग धर्मापुरीच्या त्या सभेतला पुढचा वक्ता उभा राहिला आणि घराण्यावर गेला. कोण कुणाचा, कुणी कुणाला काय केलं, साहेब, म्हणजे गोपीनाथ मुंडे, असते तर काय म्हणाले असते. ती कुजबुज बंद पडली. पुढची पोरं उठून उभी राहिली, शिट्ट्या सुरू झाल्या, मोबाइल वर आले. पुलाचा विषय त्यानंतर त्या सभेत परत निघाला नाही. आमचा व्हिडिओग्राफर तरुण पोरगा होता, परतताना म्हणाला, "सर, दुसरा वक्ता लय भारी बोलला." त्याचं चुकलं नव्हतं. सभा गाजवणं यालाच म्हणतात, आणि क्लिप फिरते ती याचीच. मी मात्र रस्ताभर पहिल्याचाच विचार करत राहिलो. त्याच्या बोलण्याने पन्नास माणसं विचाराला लागली होती. दुसऱ्याने त्यांना त्यातून उठवून फक्त जोशात आणलं होतं.

कारभारावरची टीका पेलणं सोपं नाही, हेही मला त्याच कामात कळलं, आणि ते माझ्या खात्याच्या विषयातून कळलं. जलयुक्त शिवार हा त्या वेळी दोन्ही बाजूंचा लाडका विषय. डिसेंबर २०१४ मध्ये योजना आली तेव्हा जलसंधारण खातं पंकजाताईंकडे होतं. जुलै २०१६ मध्ये ते त्यांच्याकडून गेलं. एका व्यासपीठावरून ऐकायला मिळायचं की योजनेने गावं पाणीदार झाली. दुसऱ्यावरून ऐकायला मिळायचं की पैसा नाल्यात गेला. परळी तालुक्यातल्या कामांवर तक्रारी, चौकशा झालेल्याही होत्या. मी शेजारच्या तालुक्यात हीच कामं बांधावर उभं राहून करून घेतलेली. मला ठाऊक होतं की एका नाल्याच्या खोलीकरणाने खालच्या चार विहिरींना जानेवारीपर्यंत पाणी राहिलं, आणि दीड किलोमीटरवरच्या दुसऱ्या नाल्यात मुरुमाखाली कठीण खडक लागल्यामुळे काहीच मुरलं नाही. कंपार्टमेंट बंडिंग कुणाच्या शेतात नीट झालं, कुणी पुढच्याच नांगरटीला मोडून टाकलं. खरा हिशेब असा गटनंबराने सांगावा लागतो. सभेत तो सांगायला ना वेळ ना धीर. आणि २०१८-१९ चा दुष्काळ तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. त्या उन्हाळ्यात जिल्हाभर चारा छावण्या लागलेल्या. ज्याची गुरं छावणीत होती त्याला जलयुक्तचे आकडे सांगून काय समजणार?

या योजनेचा सरकारी हिशेब आला तो निवडणुकीनंतर. सप्टेंबर २०२० मध्ये कॅगचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला: ९,६३३ कोटींच्या वर खर्च झाला आणि भूजल वाढवण्यात योजनेला फारसं यश आलं नाही, असं त्यात होतं. त्यावरही वाद झाले. पण मत देऊन वर्ष होत आल्यावर मतदाराला हा अहवाल मिळून उपयोग काय, हा प्रश्न मला आजही छळतो. टीका करणाऱ्याला पुरावा लागतो, उत्तर देणाऱ्याला पुरावा लागतो, ऐकणाऱ्याला दोन्हींचा ताळा घ्यावा लागतो, आणि तिघांनाही हवा तो कागद निवडणूक संपल्यावर छापून येतो.

त्याच धर्मापुरीच्या सभेनंतर आम्ही केबल गुंडाळत होतो तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्यांतली एक बाई जवळ आली. वय पस्तिशीच्या आसपास. कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "समदं घेतलंव का ह्याच्यात?" मी म्हणालो, "हो मावशी, सगळं." "मग बगा बरं आत, आमच्या पिशव्याचं कोण काय बोललं का?"

बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याचं प्रकरण त्याच वर्षी उघड्यावर आलं होतं. पाळीच्या चार दिवसांत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, दुखणं अंगावर काढत कोयता चालवावा लागतो, आणि डॉक्टर सांगतो की पिशवी काढून टाक, भानगड नको. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. आरोग्य, कामगार, महिला व बालविकास, ग्रामविकास अशा कितीतरी खात्यांचा संबंध असलेली ही गोष्ट. सत्तेवरच्याला जाब विचारायचा तर यापेक्षा मोठा विषय या मातीत दुसरा नव्हता. आणि सत्तेवर असलेल्याला काही केल्याचं सांगायचं असेल तर तेही सांगण्यासारखी जागा हीच होती. पण त्या संध्याकाळी कोणी त्यावर बोललं नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "मग रिकामीच टेप की हो साहेब," आणि बाकीच्या बायकांबरोबर निघून गेली.

माझ्या क्यू शीटवर भोंग्यांना रकाना होता, हारांना होता, चहाच्या कपांना होता. न बोललेल्या विषयाला रकाना नव्हता, आणि बोललेल्यालाही नव्हता. आचारसंहिता मोडली असेल तेवढंच वाक्य आम्ही वेगळं काढून कळवायचो. एखाद्याने अमुक पूल दोन वर्षांत करीन म्हटलं, किंवा समोरच्याने पाच वर्षांत अमुक केलं नाही म्हटलं, तर ती नोंद कुणालाच नको होती.

शेवटचा आठवडा तर वादळासारखा गेला. १७ ऑक्टोबरला परळीत पंतप्रधानांची सभा झाली. अशा मोठ्या सभेत उमेदवार स्टेजवर असला तर खर्चाचा वाटा त्याच्या नावावर पडतो, त्यामुळे खर्चाचं काम करणाऱ्या सगळ्याच पथकांची धावपळ. त्यापाठोपाठ एका भाषणाच्या क्लिपवरून आग भडकली. धनंजय मुंडेंवर गुन्हा दाखल झाला, क्लिपमध्ये छेडछाड झाल्याचं त्यांनी सांगितलं. १९ तारखेला प्रचाराच्या अखेरच्या सभेनंतर पंकजाताई भोवळ येऊन कोसळल्या. दोन दिवस जिल्हाभर दुसरा विषय नव्हता. गावोगाव भावाच्या बाजूचे आणि बहिणीच्या बाजूचे असे तट पडले, बायका रडल्या, माणसं हमरीतुमरीवर आली. रस्ता, टाकी, चारा, पिशवी, सगळं वाहून गेलं. २१ ला मतदान झालं, २४ ला निकाल. धनंजय मुंडे ३०,७०१ मतांनी निवडून आले.

लोकांनी कारभार पाहून मत दिलं की भावनेवर, हे सांगायला बरेच जण पुढे येतात. मी ते सांगणार नाही. पण जी माणसं पुलाचं नाव निघताच एकमेकांकडे वळून खरं-खोटं करत होती, ती मतदान यंत्रासमोर सगळं विसरली असतील असं मला वाटत नाही. या भागाने मोठ्या माणसालाही हिशेब विचारलेला आहे. गोपीनाथ मुंडे स्वतः १९८५ मध्ये रेणापूर मतदारसंघातून हरले होते. पुढे तेच विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले आणि १९९४ च्या संघर्ष यात्रेत त्यांनी तेव्हाच्या सरकारच्या कारभारावर राज्यभर रान उठवलं. त्या सभा ऐकलेले म्हातारे धर्मापुरीत अजून आहेत. त्यांच्याकडून ऐकलं की त्या काळी भाषणांच्या कॅसेट निघायच्या आणि चहाच्या हॉटेलात लोक त्या पुन्हा पुन्हा लावायचे.

निवडणूक संपल्यावर मी एक पुस्तक वाचत होतो, अमेरिकेतल्या १८५८ च्या एका निवडणुकीबद्दलचं. इलिनॉय राज्यातून सिनेटवर जाण्यासाठी स्टीफन डग्लस पुन्हा उभे होते आणि त्यांना आव्हान देणारे होते अब्राहम लिंकन. सात गावांत समोरासमोर सात सभा. एकाने तासभर बोलायचं, दुसऱ्याने दीड तास उत्तर द्यायचं, मग पहिल्याने अर्धा तास परत. चार वर्षांपूर्वी डग्लस यांनी पुढाकार घेऊन आणलेल्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावरून, गुलामगिरीच्या प्रश्नावरून, लिंकन त्यांना धारेवर धरत होते. या कथेत मला सगळ्यात जास्त भिडली ती वर्तमानपत्रांनी पाठवलेली लघुलेखक मंडळी. ती स्टेजजवळ बसून शब्द न् शब्द उतरवत. दोन पक्षांच्या दोन वर्तमानपत्रांचे लघुलेखक वेगळे, म्हणजे एकाची नोंद दुसऱ्याशी ताडून बघता येई. लिंकन ती निवडणूक हरले. पण त्यांनी ती छापील भाषणं, डग्लस यांचीही, कात्रणं करून वहीत चिकटवली आणि १८६० मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. आपण काय बोललो आणि समोरचा काय बोलला, दोन्ही लोकांच्या हातात राहू द्यायची हिंमत त्या माणसात होती.

आमच्या चित्रणाचं काय होतं? ते निवडणूक कार्यालयात जमा होतं. निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल झाली तर पुराव्याला लागतं म्हणून राखायचं. मे २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने याबाबत जी सूचना काढली तीत म्हटलं आहे की ४५ दिवसांत याचिका आली नाही तर सीसीटीव्ही, वेबकास्टिंग आणि व्हिडिओ चित्रण नष्ट करता येईल. गैरवापराची भीती असं कारण दिलं आहे. मतदान केंद्रातल्या चित्रणाबद्दल ते मी समजू शकतो; तिथे मतदाराची गुप्तता आहे. पण भर मैदानात, भोंगे लावून, लोकांना ऐकवण्यासाठीच केलेलं भाषण? ते सरकारी खर्चाने टिपलेलं आहे. ते तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवायला काय हरकत आहे? पाच वर्षांनी ज्याला ऐकायचं तो ऐकेल.

आणि पाच वर्षांत किती बदलतं! २०२० मध्ये धनंजय मुंडे सामाजिक न्यायमंत्री झाले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ, जे कागदावरच राहिलं म्हणून टीका होत होती, ते त्यांच्याच खात्याकडे आलं. आता उत्तर देण्याची पाळी त्यांची. २०२४ च्या लोकसभेला पंकजाताई बीडमधून उभ्या राहिल्या तेव्हा बहीण-भाऊ एकाच व्यासपीठावर होते. ६,५५३ मतांनी पंकजाताईंचा पराभव झाला. त्या नोव्हेंबरात विधानसभेला धनंजय मुंडे सत्तेवरचे उमेदवार आणि राजेसाहेब देशमुख आव्हान देणारे. धनंजय मुंडे १,४०,२२४ मतांनी आले. २०१९ ला जे प्रश्न त्यांच्या बाजूने विचारले गेले, तेच आता त्यांना विचारले जात होते. यात कुणाचं हसू करावं असं मला वाटत नाही. लोकशाहीत असंच व्हायला हवं. फक्त प्रश्नाचा आधीचा कागद हाताशी हवा. नगर-बीड-परळी रेल्वेचंच घ्या. १९९५ मध्ये मंजूर झालेला २६१ किलोमीटरचा मार्ग. प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी तो आपल्या खात्यात मांडला आणि कुणीतरी दुसऱ्याच्या नावावर थकबाकी म्हणून दाखवला. बीडला गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षांत कोण, कधी, काय म्हणालं याची सलग नोंद असती तर श्रेय आणि दोष दोन्ही नीट वाटता आले असते.

२०२४ ला मी निवृत्त झालेलो होतो. नोव्हेंबरात एका नातलगाच्या कामाने धर्मापुरीला गेलो तर पारावर चार-पाच पोरं आणि मध्ये सत्तेवरच्या बाजूचा एक कार्यकर्ता बसलेला. पोरांकडे २०१९ च्या सभेचं चित्रण होतं, मोबाइलवर कुणीतरी केलेलं, आवाज फाटलेला पण शब्द कळत होते. तोच तो पहिला वक्ता, पुलाचा आणि टाकीचा. पोरांनी ते त्या कार्यकर्त्यापुढे लावलं. मला वाटलं, आता बाचाबाची होणार. पण त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बोटं मोजत सांगायला लागला: पूल झाला, बघून या, टाकीला पाइपलाइन आली, वरच्या वस्तीला अजून नाही, शाळेची खोली मंजूर आहे, काम सुरू नाही. वरच्या वस्तीचं का राहिलं, असं एकाने विचारलं. त्याने कारण सांगितलं. ते दुसऱ्याला पटलं नाही, आणि तो तसं तोंडावर म्हणाला. एक जण हे सगळं वहीत लिहून घेत होता.

मी त्याला विचारलं, "बाबा, बायकांच्या पिशव्याचं कुणी विचारलं का?" त्याने वही मागे उलटली. पहिल्या पानावर ते होतंच. त्याच्या आईने लिहायला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आव्हान देणाऱ्या बाजूचे कार्यकर्ते येणार होते, आणि त्यांच्यापुढे काय काय ठेवायचं याची यादी पोरं करत बसली.